वन्समोअर म्हणजे रिवाइंड नव्हे!

सुट्टीत घरी भाचरं आली, की आपल्यासारख्या सिंगल मावश्या, आत्या, काका, मामांना एक ड्यूटी हमखास लागते. 'अगं, जरा हिला कुठेतरी फिरवून आण ना!' आता हे 'कुठेतरी' म्हणजे नेमकं कुठे, हे कोणी सांगत नाही. मुंबई-पुण्यात असाल तर उत्तर रेडीमेड असतं. मॉल, गेम झोन, मल्टिप्लेक्स, शेवटी पिझ्झा. खिसा रिकामा, पोर खूश, मिशन सक्सेसफुल!

रत्नागिरीत मात्र डोकं चालवावं लागतं. भाट्याचा समुद्र झाला, थिबा पॅलेस झाला, मांडवीला भेळ झाली, मत्स्यालयात कासव बघून झालं. चौथ्या दिवशी काय? माझं या प्रश्नाचं उत्तर ऐकून ताईने (म्हणजे भाचीच्या आईने) असा काही चेहरा केला, की मी तिच्या लेकीला बारमध्ये नेते आहे की काय, असं एखाद्याला वाटावं.

मी म्हटलं होतं, 'संगीत नाटकाला नेते.'

तर दोस्तहो, या आठवड्याचा विषय हा. साडेपाच वर्षांच्या मुलीला संगीत नाटकाला न्यावं का? नेलं तर काय होतं? आणि मुख्य म्हणजे, त्याचा त्रास कोणाला होतो?

ऑब्जेक्शन, मिलॉर्ड!

ताईची ऑब्जेक्शन्स तयारच होती. एक, ती इंग्लिश मीडियमची. 'अगं, तिला चौतीस म्हणजे किती ते कळत नाही आणि तिला प्राणनाथ कळणार?' दोन, तीन तास बसणार कशी? तीन, मध्येच रडली तर? चार, (आवाज खाली आणून) 'तिथे सगळी सिनियर सिटिझन्स असतात गं.'

चौथा मुद्दा खरा आहे, आणि तोच मला जास्त टोचला. संगीत नाटकाच्या प्रयोगाला मागच्या रांगेतून पुढे पाहिलंत तर बहुतेक डोकी पांढरी दिसतात. आपण तिशीच्या आतले तिथे गेलो, की 'तू कोणाची गो?' अशी चौकशी होते. 'कट्यार काळजात घुसली'वरचा सिनेमा २०१५ मध्ये आला तेव्हा आपल्या सगळ्यांच्या मोबाइलवर त्यातली पदं वाजत होती. पण मूळ 'कट्यार' हे नाटक आहे, १९६७ साली रंगभूमीवर आलेलं, पुरुषोत्तम दारव्हेकरांनी लिहिलेलं आणि वसंतराव देशपांड्यांनी गाजवलेलं. ते थिएटरमध्ये जाऊन समोर बसून ऐकणारे आपल्यात किती? हात वर करा बघू... असो.

आता रत्नागिरीच का, तर या बाबतीत आमचं गाव जरा लकी आहे. राज्य सरकारचं सांस्कृतिक कार्य संचालनालय जी नाट्य स्पर्धा घेतं, त्यात संगीत नाटकांचा वेगळा विभाग असतो. अलीकडच्या काळात ही संगीत नाट्य स्पर्धा अनेकदा इथल्या स्वातंत्र्यवीर सावरकर नाट्यगृहात भरली आहे. राज्यभरातून, अगदी गोव्यातूनही मंडळी आपापले पेटी-तबलेवाले घेऊन येतात. शिवाय गावातली 'खल्वायन'सारखी संस्था संगीत नाटकंही करते आणि दर महिन्याला संगीत सभाही भरवते, वर्षानुवर्षं, गाजावाजा न करता. आणि ज्यांच्या नावाचं हे नाट्यगृह, त्या सावरकरांनी रत्नागिरीतल्या स्थानबद्धतेच्या काळात (१९२४ ते १९३७) संगीत नाटकंच लिहिली होती. 'उःशाप' १९२७चं, 'संन्यस्त खड्ग' १९३१चं. म्हणजे संगीत नाटक हा इथला इम्पोर्टेड माल नाही, बॉस!

आधी गोष्ट, मग तिकीट

एका हौशी मंडळाचा 'सौभद्र'चा प्रयोग लागला होता. मुलांसाठी सुरुवात करायला यापेक्षा सही नाटक नाही, असं माझं ठाम मत आहे. कारण 'सौभद्र'ची गोष्ट म्हणजे सरळसरळ एक रोमँटिक कॉमेडी आहे. सुभद्रेला अर्जुन हवाय. मोठा भाऊ बलराम तिचं दुर्योधनाशी ठरवून बसलाय. मधला भाऊ कृष्ण समोर गप्प बसून मागून सगळी सूत्रं हलवतोय. त्यात एक घटोत्कच आहे, जो सुभद्रेला उचलून नेतो. आणि अर्जुन चक्क खोट्या साधूच्या वेषात बलरामाच्याच घरी मुक्कामाला येतो. सांगा, यात साडेपाच वर्षांच्या मुलीला न कळण्यासारखं काय आहे?

हे नाटक अण्णासाहेब किर्लोस्करांनी लिहिलं, १८८२ मध्ये. त्याच्या दोन वर्षं आधी, ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात त्यांनी 'शाकुंतल'चा प्रयोग केला आणि मराठी संगीत नाटक जोरात सुरू झालं. त्या 'शाकुंतल'मध्ये दोनशेच्या आसपास पदं होती. दोनशे! आपल्या प्लेलिस्टमध्येसुद्धा एवढी गाणी आपण ऐकत नाही. नाटक रात्री सुरू व्हायचं आणि पहाटे संपायचं. माइक नव्हते, पंखे नव्हते, आणि शेवटच्या रांगेतल्या माणसालाही शब्द न् शब्द ऐकू गेला पाहिजे ही नटाची जबाबदारी होती.

प्रयोगाच्या आधी दोन रात्री मी भाचीला झोपताना 'सौभद्र'ची गोष्ट सांगितली. पहिल्या रात्री सुभद्रा-अर्जुन-बलराम. दुसऱ्या रात्री घटोत्कच आणि खोटा साधू. दुसऱ्या रात्री तिने मला थांबवून विचारलं, 'सुभद्रा बलरामदादाला सरळ नो का नाही म्हणत?' मी म्हटलं, 'म्हणते, पण गाण्यातून.' हे उत्तर मी झोपेत दिलं होतं. पण नंतर विचार केला तर संगीत नाटकाची यापेक्षा सोपी व्याख्या मला आजवर सापडलेली नाही.

तिला आणखी एक गंमत सांगितली. सुरुवातीच्या काळात सुभद्रेचं काम पुरुष करायचे. किर्लोस्कर मंडळीत भाऊराव कोल्हटकर सुभद्रा व्हायचे आणि लोक त्यांच्या गाण्यासाठी वेडे व्हायचे. पुढे बालगंधर्वांनी तर स्त्री भूमिकांत असं काही केलं, की त्यांच्या साड्यांची आणि दागिन्यांची फॅशन घराघरात गेली. भाचीने यावर थोडा विचार केला आणि म्हणाली, 'मग घटोत्कच मुलगी होऊ शकते?' व्हाय नॉट!

पॉज कर ना, मावशी!

तिसरी घंटा झाली. अंधार झाला. पडद्याआडून नांदी सुरू झाली आणि माझ्या हातातला छोटा हात एकदम घट्ट झाला. पडदा वर गेला, तर समोर सूत्रधार आणि त्याच्याबरोबर सगळे उभे राहून गातायत. तिने पहिला प्रश्न विचारला तो असा : 'हे लोक आपल्याला बघू शकतात?'

हा प्रश्न आपल्याला विचित्र वाटेल. तिला वाटला नाही. तिने आजवर ज्यांना ज्यांना गाताना पाहिलं होतं, ते सगळे काचेच्या पलीकडे होते. टीव्ही, टॅब, मोबाइल. ते तिला कधीच बघू शकत नव्हते. मी म्हटलं, 'हो, बघू शकतात. आणि आपण बोललो तर ऐकू पण शकतात.' तिने लगेच पाठ सरळ केली.

दुसरं आकर्षण म्हणजे ऑर्गन. आम्ही मुद्दाम डावीकडे, वादक दिसतील अशा जागी बसलो होतो. जुन्या लोकांच्या भाषेत याला पायपेटी म्हणतात. पायाने भाता मारायचा आणि हाताने पट्ट्या वाजवायच्या. तिचं निरीक्षण : 'त्या काकांना सायकल चालवत गाणं वाजवावं लागतं.' पुढची वीस मिनिटं तिने नाटक कमी आणि ऑर्गनवाल्या काकांचे पाय जास्त पाहिले. माझी काही हरकत नव्हती. आवाज कुठून येतो, तो काढायला कोणाला तरी घाम येतो, हे तिला दिसत होतं. ब्लूटूथ स्पीकरमधून हे दिसत नाही.

आणि मग व्हायचं तेच झालं. ऐन गाण्यात, सगळं नाट्यगृह शांत असताना, स्पष्ट आवाजात :

'मावशी, पॉज कर ना, मला शू लागलीय!'

आजूबाजूचे चार-पाच जण हसले. मी कानात सांगितलं, 'पॉज नाही होत गं.' 'का?' 'कारण ती खरी माणसं आहेत.' आम्ही वाकून, लोकांच्या पायांवरून उड्या मारत बाहेर गेलो. परत आलो तेव्हा ते गाणं संपलं होतं.

'माझं गाणं कुठे गेलं?'

'संपलं.'

'परत लाव.'

'नाही लावता येत.'

ती रडली नाही. पण तिच्या चेहऱ्यावर जे आलं, ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. तिने आजवर एकही गाणं असं गमावलेलं नव्हतं. आताच्या मुलांच्या हातात रिमोट आहे. आवडलं तर परत, नाही आवडलं तर पुढे. एखादी गोष्ट आपण नसताना होऊन जाते आणि परत येत नाही, हे त्यांना कोण आणि कधी सांगणार? शाळा सांगत नाही. आपण तर नाहीच सांगत, आपल्यालाही सगळं रेकॉर्ड करायची सवय लागलीय.

दोन्ही बाजू बरोबर

आता थोडं सीरियस. बाहेर जाऊन आल्यावर तिचे प्रश्न वाढले. पुढच्या रांगेतले एक काका मागे वळून म्हणाले, 'एवढ्या लहान मुलांना आणायचं कशाला इथे?' आवाजात राग कमी आणि वैताग जास्त. ताई तिकडे लाल झाली आणि पर्स उचलून उठायलाच लागली. शेजारच्या आजी मात्र लगेच म्हणाल्या, 'अगो, बस गो. पोरच ती. आमी पण अश्याच आलेलो.'

मी त्या दिवसापासून यावर विचार करतेय, आणि माझं म्हणणं असं आहे की काकाही बरोबर होते आणि आजीही.

काका बरोबर का? कारण संगीत नाटकात गाणं म्हणजे मधला ब्रेक नसतो. नटी एक पद घेते, त्याची एक ओळ तीन-चार वेळा वेगवेगळ्या अंगाने म्हणते, ताना घेते, आणि त्या सगळ्यात एक बारीक क्षण येतो ज्यासाठी ऐकणारा आलेला असतो. तो क्षण 'मावशी, ती का रडतेय?'मध्ये बुडाला, तर त्यालाही तो परत मिळत नाही. माझ्या भाचीचं जसं गाणं गेलं, तसं त्यांचंही गेलं. हिशोब सारखाच.

आजी बरोबर का? कारण संगीत नाटकाचा प्रेक्षक असाच तयार झालाय, मांडीवर बसून. कोकणात तर नमन-खेळे बघा. देवळापुढे रात्रभर चालतं. मृदुंग, टाळ, गण, गौळण, मावशी आणि पेंद्याची धमाल, मग वग. काळ्या वेषातला संकासुर आला की पोरं किंचाळून आईच्या पदरात शिरतात आणि एका डोळ्याने बघत राहतात. अर्धी गोष्ट झोपेत जाते, अर्धी आयुष्यभर लक्षात राहते. तिथे कोणी म्हणत नाही, की मुलांना घरी ठेवा. मुलं नसतील तर संकासुर घाबरवणार कोणाला?

आणि स्टेजच्या दुसऱ्या बाजूलाही लहान मुलं होतीच की! केशवराव भोसले लहान वयात नाटक कंपनीत आले आणि कोवळ्या वयातच देवलांच्या 'शारदा'मध्ये शारदेचं काम करून गाजले. आणि लता मंगेशकरांचा किस्सा तर त्यांनी स्वतः सांगितलेला आहे. वडिलांच्या, म्हणजे मास्टर दीनानाथांच्या कंपनीत 'सौभद्र'चाच प्रयोग होता, नारदाचं काम करणारा नट आला नाही, आणि छोटी लता म्हणाली, 'मी करते.' केलं. आणि वन्समोअर घेतला! म्हणजे ज्या नाटकाला मुलांना आणू नये असं आपण म्हणतो, त्याच नाटकात एका लहान मुलीने नारद उभा केला होता.

मग मार्ग काय? आमचा मार्ग अगदी साधा होता. आम्ही उठलो आणि मागच्या बाजूला, दाराजवळच्या कोपऱ्यातल्या रिकाम्या खुर्च्यांवर जाऊन बसलो. तिथून ऑर्गन दिसत नव्हता, पण तिचे प्रश्न फक्त मला ऐकू येत होते. काकांनी नंतर मागे वळून पाहिलं नाही. ठीक आहे. ते गाणं ऐकायला आले होते, माफी मागायला किंवा द्यायला नाही.

जगभरात नाट्यगृहांनी यावर वेगवेगळी उत्तरं काढलीत. न्यूयॉर्कमध्ये ब्रॉडवेवर १९९७ पासून सुरू असलेल्या 'द लायन किंग'ला अगदी लहान मुलांना प्रवेशच देत नाहीत. पण त्याच 'लायन किंग'चा एक खास प्रयोग २०११ मध्ये झाला, ऑटिझम असलेल्या मुलांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी. आवाज आणि लाइट्स थोडे सौम्य, मुलं उठली, बोलली तरी चालेल. ब्रिटनमध्ये अशा प्रयोगांना 'रिलॅक्स्ड परफॉर्मन्स' म्हणतात. हॉलमध्ये पूर्ण अंधार करत नाहीत आणि कधीही बाहेर जाऊन परत यायची मुभा असते. आपल्याकडे हौशी मंडळांनी वर्षातून एक 'सौभद्र' असा केला तर? दुपारी चारचा. मोठ्यांनी यायचं तर सोबत एक मूल आणायचं, हीच अट. काकांना रात्रीचा प्रयोग, पोरांना दुपारचा. सगळे खूश.

ती चुकली का?

आता या लेखाच्या नावाकडे येते. मध्यंतरानंतर सुभद्रेचं एक पद रंगलं. इतकं, की हॉलमधून दोन-तीन बाजूंनी 'वन्समोअर!' आला. सुभद्रा क्षणभर थांबली, ऑर्गनवाल्या काकांकडे पाहिलं, मान हलवली, आणि पद पुन्हा सुरू झालं.

भाची ताडकन उभी राहिली. 'मावशी, रिवाइंड केलं! तू म्हणालीस होत नाही!'

मी म्हटलं, 'आपण सगळ्यांनी मागितलं ना, म्हणून ती परत गातेय.'

ती ऐकत राहिली. आणि मग एकदम काळजीने म्हणाली, 'पण आता वेगळं म्हटलं तिने. मघाशी असं नव्हतं. ती चुकली का?'

दोस्तहो, मी मास कॉममध्ये तीन वर्षं घालवली, परफॉर्मन्सवर असाइनमेंट्स लिहिल्या, सगळं केलं. पण रेकॉर्ड केलेल्या आणि जिवंत गाण्यातला फरक इतक्या स्वच्छ शब्दांत मला कोणी विचारला नव्हता. मुलांसाठी गाणं म्हणजे एकच फाइल. शंभर वेळा लावा, शंभर वेळा तेच. त्यामुळे दुसऱ्यांदा वेगळं झालं, की ती चूक. मी तिला सांगितलं, 'नाही गं, चुकली नाही. तिला आत्ता जे सुचलं, ते ती गातेय. उद्या आणखी वेगळं गाईल.'

'मग खरं गाणं कुठलं?'

'दोन्ही.'

हे तिला पटलं की नाही माहीत नाही. पण त्यानंतर तिने एकही प्रश्न विचारला नाही. आणि पुढच्या पदाला, कोणीही काही म्हणायच्या आत, मागच्या कोपऱ्यातून एक बारीक आवाज आला : 'वन्समोअर!' हॉल हसला. ते पद काही परत झालं नाही. तेही बरंच झालं. मागितलं की मिळतंच असं नाही, हाही जिवंत नाटकाचा भाग आहे.

नाटक संपल्यावर बाहेर आणखी एक धक्का होता. चेहऱ्यावरचा अर्धा मेकअप तसाच, मिशी काढून शर्टाच्या खिशात टाकलेली, असा घटोत्कच स्कूटरला किक मारत होता. तिने विचारलं, 'तू कुठे चाललास?' तो म्हणाला, 'घरी. उद्या ऑफिस आहे!' आपल्यासारखीच नऊ ते सहा नोकरी, आणि संध्याकाळी तालीम. हौशी रंगभूमीचा फंडा हाच आहे. ताई, जी दुपारी मला वेड्यात काढत होती, तीच गाडीत म्हणाली, 'आपण शेवटचं कधी ऑफिस सुटल्यावर असं काही केलं गं?' यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुमच्याकडे आहे?

जाणार असाल तर...

तुमच्याही घरी असं एखादं छोटं पाहुणं असेल, तर थोड्या टिप्स.

एक, पहिलंच नाटक संगीत नाटक असायला हवं असं नाही. बालनाट्याने सुरुवात करा. मराठीत याची परंपरा मोठी आहे. सुधा करमरकरांनी १९५९ मध्ये 'लिटल थिएटर' सुरू करून मुलांसाठी वेगळी रंगभूमी उभी केली. रत्नाकर मतकरींचं 'अलबत्या गलबत्या' तर २०१८ मध्ये नव्याने आलं आणि त्यातली चेटकीण झाली आमच्याच जिल्ह्यातल्या देवरुखच्या वैभव मांगले यांनी. मूल एकदा चेटकिणीला घाबरून हसलं, की पुढच्या वर्षी घटोत्कचाला तयार होतं.

दोन, गोष्ट आधी सांगा. सगळी! सस्पेन्स मुलांना नको असतो. त्यांना 'आता घटोत्कच येणार' हे माहीत असण्यात जास्त मजा येते. भाषा कळली नाही तरी मग अडत नाही.

तीन, नाटक निवडून घ्या. 'सौभद्र' चालेल, 'संशयकल्लोळ'मधली नवरा-बायकोची भांडणं थोड्या मोठ्या मुलांना आवडतील. 'एकच प्याला' मात्र अजिबात नको. दारूपायी उद्ध्वस्त होणारं घर बघायला अख्खं आयुष्य पडलंय.

चार, खुर्ची कडेची घ्या, दाराजवळची. पोट भरून न्या, पण पाणी बेताने पाजा (का, ते वर आलंच आहे). मध्यंतरातला बटाटावडा मात्र चुकवू नका. मराठी नाटकाचा तो चौथा अंक आहे.

पाच, मोबाइल हातात देऊ नका. कंटाळली तर बाहेर न्या, पण अंधारात स्क्रीन लावून गप्प बसवू नका. स्टेजवरच्या माणसाला तो उजेड दिसतो, आणि मग तो काचेच्या पलीकडे गेल्यासारखाच होतो.

सहा, मध्यंतराला निघावंसं वाटलं तर निघा. अर्धं नाटक पाहिलेलं मूल पुढच्या वेळी पाऊण बघतं. मध्यंतराला वादकांपाशी घेऊन जा. ऑर्गनची एक पट्टी दाबायला मिळाली, तर ते तीन तासांपेक्षा जास्त लक्षात राहील. वादक सहसा नाही म्हणत नाहीत.

तिकिटाचं म्हणाल, तर मुंबईत २०२३ मध्ये 'साउंड ऑफ म्युझिक' आलं, त्याआधी 'अलादीन' आलं. झगमगाट जबरदस्त, आणि किंमतही तशीच. जरूर बघा, मीही बघते. पण हौशी मंडळाच्या किंवा स्पर्धेच्या संगीत नाटकाचं तिकीट मल्टिप्लेक्सच्या पॉपकॉर्नच्या बकेटपेक्षा स्वस्त असतं. आणि इथे गाणारी माणसं तुमच्यापासून वीस फुटांवर असतात.

'संगीत नाटक वाचवा' अशी भाषणं आपण पुष्कळ ऐकली. त्यात सरकारने काय करावं, संस्थांनी काय करावं, याची लांबलचक यादी असते. माझी यादी छोटी आहे. आज सत्तर वर्षांचे असलेले जे प्रेक्षक मान डोलावत बसलेले दिसतात, ते पाच वर्षांचे असताना त्यांनाही कोणीतरी नेलं होतं. मध्येच झोपले असतील, रडले असतील, कोणीतरी 'श्शू' केलं असेल. तरी त्यांना पुन्हा नेणारं कोणीतरी होतं. त्यांच्या खुर्च्या रिकाम्या होतील तेव्हा तिथे कोण बसणार, हे नटांच्या हातात नाही, तिकीट काढणाऱ्याच्या हातात आहे.

तेव्हा पुढच्या वेळी गावी जाल आणि कोपऱ्यावरच्या बोर्डावर संगीत नाटकाची जाहिरात दिसेल, तर एक तिकीट जास्त काढा. कडेच्या खुर्चीचं.